पाच 'थ्वो' रेशीम : एका दुर्मीळ चिनी अक्षराचा उच्चार आणि अर्थ

पदव्युत्तर वर्गात चिन्हमीमांसा शिकवताना चिनी लिपीचा दाखला देण्याची आपल्याकडे एक रूढीच पडून गेली आहे. आपली लिपी ध्वनी लिहिते, चिनी लिपी अर्थ लिहिते. आपल्याकडे शब्द आधी ऐकू येतो, त्यांच्याकडे तो आधी दिसतो, अशी ही मांडणी असते. तिचा उगम शोधू गेल्यास अर्नेस्ट फेनोलोसा यांच्या, एझरा पाउंड यांनी १९१९ साली प्रसिद्ध केलेल्या, चिनी अक्षर हे काव्याचे माध्यम कसे होते हे सांगणाऱ्या निबंधापाशी आपण पोचतो. पुढे देरिदा यांनी १९६७ सालच्या लेखनमीमांसेवरील ग्रंथात या निबंधाचा गौरवाने उल्लेख केला आणि त्याला सैद्धांतिक प्रतिष्ठा मिळाली. प्रस्तुत लेखकानेही काही वर्षे वर्गात हेच सांगितले आहे. चीनविद्येतील अभ्यासकांनी या समजुतीवर फार पूर्वीच आक्षेप घेतले होते, द्यू पोन्सो यांचे त्या विषयावरील पुस्तक तर १८३८ चे आहे. पण साहित्यसिद्धान्ताच्या वर्गापर्यंत ते आक्षेप क्वचितच पोचले.

सर्वसाधारण आक्षेप वाचून समजूत ढळत नाही. ती ढळते एखाद्या विशिष्ट शब्दापाशी अडखळल्यावर. माझ्या बाबतीत तो शब्द होता 'थ्वो'. रेशमाशी संबंधित असे हे एक दुर्मीळ अक्षर आहे. प्राचीन वाङ्मयात ते मुख्यतः एकाच कवितेतील एकाच ओळीमुळे ज्ञात आहे, आणि नंतरच्या कोशांत त्याची नोंद होते ती बहुशः त्या ओळीच्या आधारानेच. याचा उच्चार काय, हे आज बऱ्याच खात्रीने सांगता येते. याचा अर्थ काय, हे दोन हजार वर्षांच्या भाष्यपरंपरेनंतरही निर्विवादपणे सांगता येत नाही. लिपी अर्थ दाखवते आणि ध्वनी झाकते हे गृहीत खरे असते, तर हे नेमके उलटे व्हायला हवे होते.

कविता 'शिजिंग' या ३०५ गीतांच्या प्राचीन संग्रहातील आहे. संग्रहाच्या आरंभीच्या 'शाओनान' या विभागात ती येते आणि परंपरागत क्रमाने अठरावी आहे. तीन कडवी आहेत, प्रत्येकी चार ओळींची. पहिल्या ओळीत कोकराच्या कातड्याच्या झग्याचा उल्लेख, दुसऱ्या ओळीत त्यावरील पांढऱ्या रेशमाचा. उरलेल्या दोन ओळींत राजसभेतून भोजनासाठी परतणारे अधिकारी आणि त्यांची ऐसपैस, डौलदार चाल. एवढाच मजकूर तीनदा येतो, थोड्या फरकाने. पहिल्या कडव्यात रेशीम 'पाच थ्वो' आहे, दुसऱ्यात 'पाच यू', तिसऱ्यात 'पाच त्सोंग'. या तीन शब्दांचा अर्थ लावणे म्हणजे या कवितेचा अर्थ लावणे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. कारण बाकी सारे तर स्पष्टच आहे.

आता अक्षराची घडण पाहू. डावीकडे रेशमाचे चिन्ह आहे. पिळलेल्या सुताच्या लडीच्या चित्रावरून ते आले. उजवीकडचा भाग मुळात सापाचे चित्र होता; श्यू शन यांनी इ.स. १०० मध्ये पुऱ्या केलेल्या 'श्वोवन' या कोशात त्याचा अर्थ सर्प असाच दिला आहे. म्हणजे रेशीम अधिक साप. फेनोलोसांच्या पद्धतीने वाचणाऱ्याला यापुढे काही सांगावे लागत नाही : सापासारखे वळसे घेत जाणारे रेशीम, नागमोडी गोफ, वेणी. आणि मोह इथेच संपत नाही. कवितेतील अधिकाऱ्यांच्या चालीचे वर्णन ज्या जोडशब्दाने होते त्याच्या दुसऱ्या अक्षरातही हाच सर्प आहे. झग्यावरचा धागा नागमोडी आणि झगा घातलेल्याची चालही नागमोडी! एवढी देखणी प्रतिमा हाती लागल्यावर समीक्षक ती सोडून देईल, हे कठीण आहे. मीही ती लगेच सोडली नव्हती.

तिला सोडावे लागते ते उंटामुळे. उंटाच्या चिनी नावातही उजवीकडे हाच सर्प आहे, डावीकडे घोडा. नदीच्या एका फाट्याचे नाव, उताराचे नाव, ठेचकाळण्याचे क्रियापद, पुढे शहामृगाचे नाव, या सर्वांत तो आहे आणि या सर्वांचा उच्चार आज 'थ्वो' असाच आहे. उंटात साप शोधण्याचे धाडस कोणी करू नये. या अक्षरांत सर्प अर्थ सांगण्यासाठी आलेला नाही. तो आवाज सांगण्यासाठी आला आहे. डावा घटक अर्थाचे क्षेत्र सुचवतो, उजवा घटक उच्चार सुचवतो. 'श्वोवन'मधील ९,३५३ अक्षरांपैकी आठ दशांशांहून अधिक अक्षरे याच प्रकारची आहेत. चालीचे वर्णन करणारा तो जोडशब्दही निव्वळ ध्वन्यनुरोधी आहे. तोच शब्द इतर ग्रंथांत अगदी वेगळी अक्षरे वापरून लिहिलेला आढळतो.

पण सर्पघटक हा आवाज सांगतो म्हणजे कोणता आवाज सांगतो? येथून उच्चाराचा प्रश्न सुरू होतो, आणि माझ्या मते या अक्षराच्या इतिहासातील सर्वांत रसाळ भाग हाच आहे.

आजच्या प्रमाण चिनी उच्चाराने कविता वाचली, तर पहिल्या कडव्याची यमके 'फी', 'थ्वो', 'यी' अशी येतात. (देवनागरी लेखन अर्थातच स्थूल आहे; सूर त्यात दाखवता येत नाहीत.) 'फी' आणि 'यी' जुळतात, 'थ्वो' बाहेर पडतो. दुसऱ्या कडव्यात 'ग', 'यू' आणि 'शृ' येतात. त्यांत काहीच जुळत नाही. तिसऱ्यातील 'फंग', 'त्सोंग', 'गोंग' मात्र बरेचसे जुळतात. तेव्हा यमक होते की नव्हते, अशी शंका कोणी घेईल. तिचे उत्तर कवितेच्या रचनेतच आहे. शेवटच्या दोन ओळींत तीच पदे प्रत्येक कडव्यात वेगळ्या क्रमाने मांडलेली आहेत. पहिल्या कडव्याचा शेवट चालीच्या शब्दाने होतो, दुसऱ्याचा 'भोजन' या शब्दाने, तिसऱ्याचा 'राजसभा' या शब्दाने. अर्थ तसूभरही बदलत नाही. मग हा फेरफार कशासाठी? दुसऱ्या ओळीच्या शेवटी रेशमाचा जो शब्द येणार, त्याच्याशी जुळणारे पद कडव्याच्या शेवटी यावे यासाठी. कवीने पदे हलवली आहेत, पण रेशमाचे शब्द ढळू दिलेले नाहीत. म्हणजे 'थ्वो' हा त्या कडव्याचा खुंटा आहे, आणि त्याचा उच्चार एकेकाळी कातड्याच्या शब्दाशी व चालीच्या शब्दाशी निश्चितच जुळत होता.

बाराव्या शतकात जू शी यांनी या गीतांवर जे भाष्य लिहिले, त्यात त्यांनी ही अडचण त्या काळच्या रूढ पद्धतीने सोडवली. कातड्याचा शब्द येथे यमकासाठी 'फो' असा वाचावा, चालीचा शब्द 'थो' असा वाचावा, अशा सूचना त्यांनी दिल्या. आणि 'थ्वो' कसा वाचावा, तर उंटासारखा. यमकासाठी उच्चार वाकवण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. गाणाऱ्याच्या तोंडी असे बरेच काही खपून जाते. मात्र एकच शब्द एका कवितेत एक आणि दुसऱ्या कवितेत दुसरा असा वाकवावा लागतो, तेव्हा पद्धतीतच काही बिघडले आहे हे उघड होते.

ते उघडपणे सांगितले मिंग काळातील छन दी यांनी. १६०६ साली सिद्ध झालेल्या, या गीतांच्या प्राचीन उच्चारांवरील ग्रंथात त्यांनी असे प्रतिपादन केले की हे उच्चार वाकवलेले नसून ते त्या काळचे सरळ, मूळ उच्चारच आहेत. काळ आणि प्रदेश बदलले तसा ध्वनी बदलला. आज ही गोष्ट आपल्याला साधी वाटते. पण शास्त्रवचनांची भाषाही काळाच्या ओघात बदलते, एवढे मान्य करण्यासाठी किती बौद्धिक धैर्य लागते हे आपल्या परंपरेतील अभ्यासकांना सांगायला नको. पुढे गू येनवू यांनी, आणि त्यानंतर अठराव्या शतकात दुआन यूत्साय यांनी, या विचाराला शास्त्राचे रूप दिले. दुआन यांचा नियम सुटसुटीत आहे : ज्या अक्षरांत एकच ध्वनिघटक आहे ती मुळात एकाच यमकवर्गातील असली पाहिजेत. कातड्याचा आजचा उच्चार 'फी' असला तरी तेच अक्षर ध्वनिघटक म्हणून ज्यांत वापरले आहे त्या शब्दांचे, म्हणजे लाटेचे, फुटण्याचे, टेकाडाचे, उच्चार आज 'बो', 'फो' असे ओकारान्त आहेत. ज्याला यमकाने वेगळे केले त्याला लिपीने आपल्या कुटुंबात धरून ठेवले आहे. थोडक्यात, यमकाची साक्ष आणि अक्षराच्या घडणीची साक्ष एकमेकींशी जुळतात.

वर्ग कळला, प्रत्यक्ष ध्वनी कळला नाही. कारण चिनी उच्चारशास्त्राची साधनेही चिनी अक्षरेच होती. 'थ्वो'चा उच्चार जुन्या टीकांत आणि इ.स. १००८ च्या 'ग्वांगयुन' या यमककोशात दोन अक्षरे जोडून दिला आहे : पहिल्याचा आरंभध्वनी घ्यायचा आणि दुसऱ्याचा उरलेला भाग. पण त्या दोन अक्षरांचा तरी उच्चार तेव्हा काय होता? हे वर्तुळ चिनी साधनांनी आतून फोडता येत नव्हते. ते बाहेरून फोडले संस्कृतने.

बौद्ध ग्रंथांची भाषांतरे करताना विशेषनामे आणि पारिभाषिक संज्ञा ध्वनीनुसार लिहाव्या लागत. 'बुद्ध' या शब्दासाठी चौथ्या-पाचव्या शतकांपासून जी दोन अक्षरे रूढ झाली, त्यांपैकी दुसरे आपल्या अक्षराचे सख्खे भावंड आहे : तोच सर्पघटक, 'ग्वांगयुन'मध्ये नेमका तोच उच्चार. चिनी माणूस आज ते नाव 'फोथ्वो' असे उच्चारतो. पण ज्यांनी ते प्रथम लिहिले त्यांनी संस्कृतातील 'द्ध' अथवा 'ध' ऐकून लिहिले होते, 'थ्वो' ऐकून नव्हे. 'पारमिता' या संज्ञेचेही तसेच. तिचे पहिले अक्षर 'लाट' या अर्थाचे आहे आणि त्याचा ध्वनिघटक कातडे हाच आहे. आज ते 'बो' असे वाचतात, संस्कृतात ते 'पा' आहे. दुसरे अक्षर विरविरीत रेशमी वस्त्राचे, आज 'ल्वो', तेव्हा 'ला', म्हणजे 'र'साठी योजलेले. एका विस्मृत कवितेतील यमकाचे धागे अशा रीतीने प्रज्ञापारमितेच्या नावात सापडतात, हा योगायोग खराच. पण पुरावा म्हणून तो भक्कम आहे. संस्कृतचे उच्चार प्रातिशाख्यांनी आणि पाठपरंपरेने बांधून ठेवले होते, म्हणून ते मोजपट्टी होऊ शकले.

ही मोजपट्टी पहिल्यांदा पद्धतशीरपणे लावली गेली ती १९२३ साली. पेकिंग विद्यापीठात संस्कृत शिकवणारे बॅरन श्टेल-होल्श्टाइन यांचा या विषयावरील लेख हू श यांनी चिनीत भाषांतरित करून तेथील नव्या संशोधनपत्रिकेच्या पहिल्याच अंकात छापला. पुढच्याच अंकात वांग रोंगबाओ यांनी संस्कृत लिप्यंतरांचा आधार घेऊन दाखवले की आज 'ओ' असा ऐकू येणारा हा सारा यमकवर्ग थांग काळात आणि त्यापूर्वी 'आ' असा होता. वांग रोंगबाओ हे व्यवसायाने राजनैतिक अधिकारी. फावल्या वेळातील ही विद्वत्ता! या लेखाने मोठे वादंग माजले. झांग थाययान यांच्यासारख्या मान्यवर पंडितांनी विरोध केला. परदेशी नावांचे ओबडधोबड लिप्यंतर आपल्या प्राचीन उच्चारांचे प्रमाण कसे मानावे, हा आक्षेप अगदीच गैरलागू नव्हता. परंतु विसाव्या शतकातील पुढचे संशोधन, विशेषतः कार्लग्रेन यांची पुनर्रचना, या वर्गापुरती वांग यांच्याच बाजूने गेली. तेव्हा कोशातील ती जोडी तत्कालीन उच्चाराने 'दू' आणि 'हा' अशी होती, आणि आपले अक्षर होते 'दा'. घोष 'द' चिनी प्रमाणभाषेतून नंतर नाहीसा झाला. देवनागरीत मात्र तो जसाच्या तसा लिहिता येतो.

'दा' हा मध्यकाळातील उच्चार. कविता त्याहून हजारेक वर्षांनी जुनी, आणि तिच्या काळापर्यंत संस्कृतची पट्टी पोचत नाही. तेथे इतर पुरावे लागतात. या वर्गाच्या शेवटी एकेकाळी 'य'कार होता असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. त्याची एक साक्ष व्हिएतनामी भाषेत आहे : त्या भाषेत रेशीमकिड्याच्या पतंगाला 'ङाय' म्हणतात. हा शब्द चिनीतून फार पूर्वी घेतलेला मानला जातो आणि त्याचा चिनी मूळशब्द याच यमकवर्गातील आहे. नंतरच्या काळात घेतलेले त्याच अक्षराचे रूप 'ङा' आहे, 'य'कार गेलेले. बॅक्स्टर आणि सागार यांच्या २०१४ सालच्या पुनर्रचनेप्रमाणे या सर्पकुटुंबाच्या आरंभी 'ल' होता. म्हणजे 'लाय', मग 'दा', मग 'थ्वो'. आणि चालीच्या शब्दातील शेवटचे अक्षरही जवळजवळ 'लाय'च. कवितेच्या पहिल्या कडव्यात 'फी', 'थ्वो', 'यी' असे विस्कटलेले जे आज ऐकू येते, ते मुळात तीन 'आय'कारांचे स्वच्छ यमक होते.

उच्चाराच्या बाबतीत परंपरेची वाट अशी चुकत-दुरुस्त होत पुढे जाते. अर्थाच्या बाबतीत तसे घडलेले नाही.

सर्वांत जुने उपलब्ध भाष्य माओ यांच्या परंपरेचे, इ.स.पूर्व दुसऱ्या शतकाच्या सुमाराचे. ते अतिशय त्रोटक आहे : 'थ्वो' म्हणजे संख्या, 'यू' म्हणजे शिवण, 'त्सोंग' म्हणजे संख्या. पहिल्या आणि तिसऱ्या कडव्यात एक अर्थ, मधल्या कडव्यात दुसरा. समान्तर रचनेच्या कवितेत हे खटकते. 'यू' म्हणजे कोकराच्या झग्याची शिवण, याला 'अरया' या प्राचीन शब्दसंग्रहाचाही आधार आहे, म्हणून ते टाकून देता येत नाही. इ.स. ६५३ मध्ये राजमान्य झालेल्या खोंग यिंगदा यांच्या टीकेत या विसंगतीवर तोड काढली आहे : माओंनी 'संख्या' म्हटले ते शब्दाचा अर्थ म्हणून नव्हे, तर त्या वस्तू पाच आहेत एवढे सुचवण्यासाठी, वस्तू मात्र तिन्ही ठिकाणी शिवणच. भाष्यकाराचा शब्द राखून त्याचा अर्थ फिरवण्याची ही टीकाकारी हातोटी आपल्या ओळखीची आहे.

जू शी यांनी येथे जे केले ते मला अधिक मोलाचे वाटते. 'थ्वो' नीटसे कळत नाही, असे त्यांनी चक्क लिहिले. बहुधा झगा रेशमाने सजवण्याच्या प्रकाराचे ते नाव असावे, एवढा तर्क जोडला. 'त्सोंग'पाशी पुन्हा तेच : हेही कळत नाही. ज्या भाष्याचा अभ्यास पुढे कित्येक शतके राजकीय परीक्षांसाठी सक्तीचा होता, त्यात ही कबुली आहे. आणि गंमत अशी की, ज्या शब्दाचा अर्थ माहीत नाही असे ते म्हणतात, त्याच शब्दाचा उच्चार स्थिर धरून त्यांनी बाकीचे दोन उच्चार त्याच्याकडे वाकवले आहेत.

या कबुलीवर समाधान न मानणारे उत्तर आले ते चिंग काळातील वांग न्येनसुन आणि वांग यिन्-जी या पितापुत्रांकडून. १७९७ मध्ये प्रथम प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे वाढवलेल्या 'जिंगयी शूवन' या ग्रंथात त्यांनी असा सिद्धान्त मांडला की तिन्ही शब्द रेशमाच्या तंतूंची मापे आहेत. पाच तंतूंचा एक 'थ्वो', चार 'थ्वो'ंचा एक 'यू', चार 'यू'ंचा एक 'त्सोंग'. तेव्हा 'पाच थ्वो' म्हणजे २५ तंतू, 'पाच यू' म्हणजे १००, 'पाच त्सोंग' म्हणजे ४००. कडव्यागणिक संख्या चौपट होत जाते.

या गणिताचा मुख्य आधार एक पत्र आहे. पश्चिम हान राजधानीविषयीच्या संकीर्ण नोंदींचा एक ग्रंथ आहे. त्यात अशी हकीकत येते की इ.स.पूर्व १३० मध्ये गोंगसुन होंग यांची राजसेवेसाठी शिफारस झाली तेव्हा त्सोउ छांगछ्येन नावाच्या मित्राने त्यांना तीन वस्तू धाडल्या : ताज्या गवताची एक पेंढी, पांढऱ्या रेशमाची एक लड, आणि मातीचा एक गल्ला. गल्ल्याला पैसे टाकायला भोक असते, काढायला नसते, म्हणून तो भरला की फोडतात. साठवणाऱ्या अधिकाऱ्याने हे ध्यानात ठेवावे, असा त्या भेटीचा मथितार्थ. रेशमाच्या लडीबरोबर मापांची एक शिडी दिली आहे. पाच तंतूंचा एक 'न्ये', त्याच्या दुप्पट 'शंग', त्याच्या दुप्पट 'यू', मग 'जी', मग 'त्सोंग', मग 'स्वेइ'. म्हणजे ५, १०, २०, ४०, ८०, १६०. लहान सुरुवातीतून मोठे कार्य उभे राहते, हे त्यातून सुचवायचे आहे. या शिडीवर 'यू' २० आणि 'त्सोंग' ८० वर आहे; दोहोंत चौपट. तोच भागाकार खाली नेला की ५ येतात. आपला 'थ्वो' तेथे बसवला गेला.

युक्तिवाद देखणा आहे, आणि 'त्सोंग'विषयी तो भक्कमही आहे. 'श्वोवन'मध्ये ८० सुतांच्या मापाला याच उच्चाराचा शब्द दिला आहे. सम्राट जिंग याच्या कारकिर्दीत बंदिवान मजुरांनी सात 'त्सोंग'ांचे कापड नेसावे असा हुकूम निघाल्याचे सिमा छ्येन यांच्या इतिहासात नमूद आहे. म्हणजे ताण्यात ५६० सुते असलेले भरड कापड. पण पितापुत्रांच्या शिडीची खालची पायरी तपासली की ती डळमळू लागते. पत्रात 'थ्वो' हा शब्द नाहीच. पाच तंतूंच्या मापाचे नाव तेथे वेगळे आहे. 'थ्वो'ला ५ हे मूल्य मिळते ते केवळ शेजारच्या दोघांमुळे. दुसरे असे की पत्रातील 'शंग' १० तंतूंचा, तर दुसऱ्या शतकातील महापंडित जंग श्वेन यांच्या टीकेत तागाच्या कापडाचा 'शंग' ८० सुतांचा. रेशमाचे माप आणि तागाचे माप वेगळे असेल, हे मान्य. पण मग 'त्सोंग' दोन्हीकडे ८० कसा? शिवाय तो ग्रंथ ज्या रूपात आपल्याला मिळतो त्याचा कर्ता आणि काळ दोन्ही वादग्रस्त आहेत. मुळात 'तंतू' तरी कशाला म्हणावे? दहाव्या शतकातील श्यू खाय यांच्या टिपणाप्रमाणे एका किड्याने सोडलेला धागा हे सर्वांत सूक्ष्म एकक, असे पाच मिळून अर्धे सूत आणि दहा मिळून एक सूत. हे धरले, तर वांगांचे २५ तंतू म्हणजे २५० धागे होतात.

मला सर्वांत मोठी अडचण वाटते ती काव्याची आहे. संख्या चढत जाते असे मानायचे, तर पहिल्या ओळीतही चढण हवी. तेथे अनुक्रमे कातडे, कमावलेले कातडे आणि शिवण असे शब्द आहेत. हा चढता क्रम नव्हे. यमकासाठी केलेली अदलाबदल आहे. ज्या कवितेत बाकी प्रत्येक ओळ जागच्या जागी फिरते तिच्यात एकाच शब्दाने जिना चढावा, हे संभवत नाही. तिसऱ्या कडव्याची पहिली ओळ सरळ शिवणीविषयीच बोलते, ही गोष्ट खोंग यिंगदा यांच्या बाजूने जाते. पाच या संख्येवरही सारे जण विश्वास ठेवत नाहीत : त्या अक्षराचे जुने रूप फुलीसारखे होते, तेव्हा 'पाच' नव्हे, तर 'एकमेकांवर ओलांडलेले' असा अर्थ घ्यावा, असे काही चिंग भाष्यकारांनी सुचवले आहे. तसे झाले तर 'थ्वो' पुन्हा टाक्याकडे, गुंफणीकडे झुकतो.

हा केवळ शब्दकोशाचा वाद नाही. माओ परंपरेच्या प्रस्तावनेनुसार ही कविता साध्या राहणीच्या, सरळ वृत्तीच्या अधिकाऱ्यांची स्तुती आहे. शिवण नेटकी आहे, पोशाख पदाला साजेसा आहे, चाल निवांत आहे कारण मन निवांत आहे. विसाव्या शतकातील अनेक चिनी अभ्यासकांनी मात्र तीच कविता उपहासाची म्हणून वाचली : कोकराची कातडी पांघरून, सरकारी भोजनाकडे डुलत निघालेले हे सुस्त लोक. रेशीम २५ वरून ४०० तंतूंवर गेले तर डामडौलाच्या वाचनाला बळ येते. पाच टाक्यांची ती शिवण असेल तर काटकसरीच्या वाचनाला. कवितेचा सूर स्तुतीचा की निंदेचा, हे ज्या शब्दावर अवलंबून आहे तोच शब्द अंधारात आहे. वांग पितापुत्रांनी स्वतः असा नैतिक निष्कर्ष काढलेला नाही, हे त्यांच्या शिस्तीला शोभते.

मग अक्षराच्या डाव्या बाजूला असलेले ते रेशीम? ते तरी अर्थ सांगतेच ना? येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते. १९७७ साली फूयांग येथे सापडलेल्या बांबूपट्ट्यांवरील 'शिजिंग'चा पाठ आणि त्यानंतर उजेडात आलेली अनेक प्राचीन हस्तलिखिते पाहता, लेखनिक ध्वनिघटक बहुधा राखत आणि अर्थघटक मात्र सढळपणे बदलत, गाळत किंवा जोडत, असे दिसते. तेव्हा या अक्षरातील रेशीम मूळ कवीचे आहे असे समजण्याचे कारण नाही. ओळीत आधी 'रेशीम' हा शब्द आहे. कोणा लेखनिकाने पुढच्या अनोळखी ध्वनीलाही रेशमाचे चिन्ह जोडले असणे सहज शक्य आहे. असे असेल तर डावा घटक हा अर्थाचा पुरावा ठरत नाही. ते या शब्दावरचे पहिले भाष्य ठरते, आणि तेही ओळीवरूनच केलेले. पाउंड यांनी १९५४ साली या ३०५ गीतांची इंग्रजी रूपे प्रसिद्ध केली. चित्र म्हणून ज्या घटकाकडे त्यांच्या संप्रदायाने पाहिले, तो कदाचित एखाद्या टीकाकाराच्या समासातील शेरा असेल.

आपल्याकडे ध्वनी टिकून अर्थ हरवण्याचा अनुभव जुना आहे. 'जर्भरी', 'तुर्फरी' या वैदिक शब्दांवर मीमांसकांनी वाद घातले; मंत्रांना अर्थच नसतो, हे कौत्साचे मत यास्काला निरुक्ताच्या पहिल्याच अध्यायात खोडून काढावे लागले. पण तेथे ध्वनी टिकला तो पाठान्तराने, लिपीवाचून. चिनी उदाहरणाचे वेगळेपण असे की येथे ध्वनी लिपीने टिकवला, तीही अशा लिपीने, जिला ध्वनीच लिहिता येत नाही असे आपण शिकवत आलो.

लेग यांनी १८७१ च्या भाषांतरात तीन कडव्यांसाठी गुंफण, शिवण आणि सांधा असे तीन निरनिराळे शब्द योजले. मराठीत ही कविता आणायची झाली तर 'थ्वो'साठी मी 'पेड' हा शब्द घेईन. तिपेडी, चौपेडी असे आपण म्हणतो, त्यामुळे संख्येला तो चिकटून राहतो; आणि पेड हा तंतूंचाही असतो, गुंफणीचाही, त्यामुळे वांग पितापुत्र आणि त्यांचे विरोधक दोघांनाही त्यात जागा मिळते. शिवण त्यात येत नाही. आणि 'पेड'शी जुळणारे पद कडव्याच्या शेवटी आणायचे, तर अधिकाऱ्यांच्या चालीचा तो शब्द बदलावा लागतो. अजून तरी मला तो मिळालेला नाही.